होडी कुजते ती वरून

आमच्या संशोधनगटाकडे साडेपाच मीटर लांबीची एक लाकडी होडी आहे. कोकणातल्या एका खाडीतून पाण्याचे आणि गाळाचे नमुने गोळा करण्यासाठी आम्ही ती वापरतो. होडीच्या नाळेकडच्या भागावर सुमारे तीन चौरस मीटरचा डेक आहे. नमुन्याची बाटली दोराने खाली सोडायची ती या डेकवर उभे राहून. काही वर्षांपूर्वी हा डेक आम्ही नवा करून घेतला : वर प्लायवूड, त्यावर काचतंतूंचा पातळ थर आणि त्यावर चकचकीत रंग. तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच फेरीत आमचा एक सहकारी त्यावर उभा राहिला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. जखम फारशी नव्हती. पण खाडीच्या मध्यावर, ओहोटीच्या ओढीत हे घडले होते, हे आम्ही विसरलो नाही.

डेक उचकटला तेव्हा आतले प्लायवूड तपकिरी पडले होते आणि बोटांनी चुरडले जात होते. मग साहजिकच आम्ही होडीचा तळ तपासला. तळाच्या फळ्या वीस वर्षांच्या जुन्या आणि सतत पाण्यात राहिलेल्या. त्या मात्र ठणठणीत होत्या! होडी चालवणारे आमचे तांडेल शांतपणे म्हणाले, "समुद्राचं पाणी होडी खात नाही साहेब, पावसाचं खातं."

या एका वाक्यात पुष्कळ विज्ञान दडलेले आहे. ते उलगडले, की 'न कुजणारा डेक कशाचा करावा?' या प्रश्नाचे उत्तर सापडू लागते.

कुजणे म्हणजे खाल्ले जाणे

लोखंड गंजते, दगड झिजतो. लाकूड मात्र 'कुजते' म्हणजे कोणीतरी ते खात असते. खाणारा जीव म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. अनुकूल जागी बीजाणू रुजला, की त्यातून सूक्ष्म कवकतंतू निघतात आणि लाकडाच्या पेशींमध्ये शिरतात. बुरशीला तोंड नाही. ती आपली विकरे बाहेर सोडते, पेशीभित्तीतील सेल्युलोजचे साखरेत विघटन करते आणि ती साखर शोषून घेते.

या कामासाठी तिला चार गोष्टी लागतात : अन्न, प्राणवायू, माफक उष्णता आणि पाणी. यांपैकी एक जरी काढून घेतली, तरी कुजणे थांबते. आपल्या किनाऱ्यावरचे २५ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान बुरशीला फारच मानवते. त्याबाबतीत आपण काही करू शकत नाही. उरल्या तीन गोष्टी. त्यांतील पाण्याचा हिशेब जरा बारकाईने पाहू.

लाकडातील आर्द्रता ही नेहमी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. ओल्या तुकड्याचे वजन १३० ग्रॅम असेल आणि भट्टीत पूर्ण वाळवल्यावर ते १०० ग्रॅम भरले, तर आर्द्रता ३० टक्के. लाकूड पाणी शोषू लागते तेव्हा ते प्रथम पेशींच्या भित्तींत मुरते. भित्ती तृप्त होतात त्या सुमारे ३० टक्क्यांना. त्यानंतरचे पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठते. बुरशीला आपली विकरे पसरवण्यासाठी असे मोकळे पाणी लागते. म्हणून आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली ठेवली, तर लाकूड सहसा कुजत नाही. घरातले आढे शंभर वर्षे टिकते आणि त्याच लाकडाचा कुंपणाचा खांब काही वर्षांत जमिनीलगत मोडतो, याचे कारण हेच.

दुसरी धोक्याची गोष्ट वेगाची. काही बुरशा सेल्युलोज खातात आणि लिग्निन तसेच ठेवतात. अशा लाकडाला तपकिरी रंग येतो आणि त्याला चौकोनी भेगा पडतात. अशा कुजण्यात लाकडाचे वजन दहा टक्क्यांनी घटण्याच्या आतच आघात सोसण्याची त्याची ताकद निम्म्याहून खाली येते. म्हणजे डोळ्यांना फारसे काही दिसायच्या आत फळी दगा देते. आमच्या सहकाऱ्याचा पाय आत गेला तो यामुळे.

बुडालेले लाकूड का टिकते?

पाण्यामुळे लाकूड कुजते, तर सदैव पाण्यात असलेला तळ का टिकला? कारण तिथे पाणी अतोनात आहे. पेशींच्या सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, की प्राणवायूला जागाच उरत नाही.

याचे नामांकित उदाहरण म्हणजे स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका. १६२८ साली पहिल्याच सफरीत ती स्टॉकहोम बंदरात बुडाली आणि ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये वर काढली गेली. तेव्हा तिचे लाकूड बहुतांशी शाबूत होते. खरी चिंता सुरू झाली ती नौका हवेत आल्यानंतर. ती वाळताना आकसून फुटू नये, म्हणून तिच्यावर सतरा वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाचे फवारे मारावे लागले.

वासाला आणखी एका गोष्टीचा लाभ झाला. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने तिथे लाकूड पोखरणारा शिंपल्यांच्या कुळातला 'टेरेडो' हा प्राणी जगू शकत नाही. आपल्या खाड्यांत तो भरपूर आहे. होडीच्या तळाला विषारी रंग देतात तो त्याच्यासाठी. पण हा शत्रू पाण्याखालचा. डेकपर्यंत तो येत नाही.

डेकची परिस्थिती वेगळी आहे. तिथे हवा भरपूर आणि पाणी मधूनमधून. शिवाय ते पाणी गोडे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतक्या खारट पाण्यातून आपल्यासाठी पाणी ओढून घेणे लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक बुरशांना जड जाते. लोणचे मिठाने टिकते, त्यातलाच हा प्रकार. पूर्वीचे खलाशी रोज सकाळी समुद्राचे पाणी ओतून डेक धूत. त्यामुळे फळ्या फुगून सांधे घट्ट राहत आणि बुरशीलाही आळा बसे. पावसाचे पाणी मात्र उलट काम करते. ते हे मीठ धुऊन नेते आणि सांध्यांत मुरून बसते. तांडेलांच्या वाक्याचा अर्थ हा असा.

दोन युद्धनौकांची गोष्ट

इतिहासात याचे मोठे महाग धडे मिळाले आहेत. इंग्लंडमध्ये डेप्टफर्ड येथे १८१० साली 'क्वीन शार्लट' ही प्रचंड युद्धनौका पाण्यात सोडली गेली. वर्ष-दोन वर्षांतच, लढाईवर जाण्यापूर्वी, तिच्या लाकडात इतकी बुरशी माजली, की जेम्स सॉवर्बी या वनस्पतिशास्त्रज्ञाला तपासणीसाठी बोलवावे लागले. युद्धाच्या घाईत नीट न मुरवलेले लाकूड वापरले गेले होते आणि आतल्या भागात वारा खेळत नव्हता.

त्याच दशकात मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागवानाची 'त्रिंकोमाली' बांधली गेली. १८१७ साली पाण्यात उतरलेली ही नौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

'म्हणजे साग चांगला आणि ओक वाईट', असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. १७६५ ची 'व्हिक्टरी' ही नौका मुख्यतः ओकचीच आहे आणि ती आजही उभी आहे. मात्र १९२२ पासून ती कोरड्या गोदीत असून पावसाच्या पाण्याने कुजलेल्या आणि किडीने खाल्लेल्या तिच्या फळ्या आता बदलाव्या लागत आहेत. लाकडाची जात महत्त्वाची खरीच. पण पाणी कुठे अडते, हे तितकेच महत्त्वाचे.

पर्यायांचा आढावा

डेक बदलायचे ठरल्यावर आम्ही उपलब्ध पर्याय एकेक करून तपासले. प्रत्येक पर्याय चारांपैकी कोणती गोष्ट बुरशीपासून काढून घेतो, हा प्रश्न विचारला, की तुलना सोपी होते.

*सागवान व इतर टिकाऊ लाकडे.* ही लाकडे अन्नच विषारी करून ठेवतात. झाडाचा मधला भाग वयाबरोबर मृत होतो आणि त्यात तेलकट व क्विनोन वर्गातील द्रव्ये साठतात. ही बुरशीला व वाळवीला मानवत नाहीत. शिवाय साग ओला-सुका होताना फार फुगत-आकसत नाही, त्यामुळे भेगा कमी पडतात. पण हे सारे गुण गाभ्याच्या लाकडाचे, म्हणजे मध्यकाष्ठाचे. बाहेरचे पांढरट रसकाष्ठ सागाचे असले, तरी लवकर कुजते. कोवळ्या झाडाच्या फळीत असा पांढरा पट्टा हमखास असतो. फळी घेताना तो पाहावा.

आपल्याकडे लाकडाचा टिकाऊपणा मोजण्याची एक साधी पद्धत आहे. ६० सें. मी. लांब आणि ५ सें. मी. जाड अशा खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरून ठेवतात. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकले तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकले तर दुसरा आणि त्याहून कमी टिकले तर तिसरा. साग पहिल्या वर्गात येतो, आंबा तिसऱ्या. कोकणात आंब्याच्या खोडाच्या होड्या करतात त्या लाकूड हाताशी मिळते म्हणून. त्या टिकवण्यासाठी वरचेवर तेल चोपडावे लागते.

*औषध दिलेले लाकूड.* कमी टिकाऊ लाकडात विष भरता येते. या क्षेत्रातला एक जगप्रसिद्ध शोध आपल्या देशातला आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किडींना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवते, जेणेकरून ते पावसाने धुऊन जाऊ नयेत. हे मिश्रण जगभर वापरले गेले. मात्र आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबवण्यात आले. ज्या डेकवर अनवाणी वावरायचे आणि मासळी ठेवायची, तिथे ते नकोच. असे लाकूड चुलीत तर कधीही जाळू नये. बोरिक आम्ल व टाकणखार यांचे द्रावण बरेच कमी घातक आहे. पण ते पाण्याने धुऊन जाते. त्यामुळे वरून रंगाचे संरक्षण असेल, तिथेच त्याचा उपयोग.

*प्लायवूड.* इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'मरीन प्लाय' या नावातला भरवसा मुख्यतः गोंदाचा असतो. आय. एस. ७१० या भारतीय मानकानुसार त्यात फिनॉल फॉर्माल्डिहाइड गोंद असतो आणि ७२ तास उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. गोंद टिकला, तरी थर लाकडाचेच असतात. मानकात लाकडाला औषध देण्याची अट आहे ती याचसाठी. स्वस्त प्लायवूडमध्ये ती पाळली गेली नाही, तर थर सुटत नाहीत पण कुजतात. आमच्या डेकचे हेच झाले होते.

*काचतंतू व रेझिन.* यात बुरशीला खाण्याजोगे काही नाही. संपूर्ण काचतंतूंचा डेक कुजत नाही. पण ताठपणा मिळावा म्हणून दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड घालतात. मग वरचा थर हे संरक्षण न राहता सापळा होतो. आमच्या डेकवर दोर बांधायची एक खुंटी चार स्क्रूंनी बसवली होती. त्या चार भोकांतून पाणी आत गेले. आत जायला वाट होती, वाळून बाहेर यायला नव्हती. बुरशीसाठी याहून चांगली जागा आम्ही ठरवूनही तयार करू शकलो नसतो.

*प्लास्टिकच्या फळ्या.* यांना कुज नाही, हे खरे. पण डेकला वजनही पेलायचे असते. सागवान हे पॉलिथिनच्या दणकट फळीपेक्षा सुमारे दहापट ताठ असते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आधारांमधले अंतर तेच ठेवून तेवढाच ताठपणा हवा असेल, तर जाडी दहाच्या घनमुळाइतक्या, म्हणजे सुमारे २.१५ पटींनी वाढवावी लागेल. सागाची फळी २० मि. मी. असेल, तर प्लास्टिकची ४३ मि. मी. सागाची घनता ६५० आणि पॉलिथिनची ९५० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर तीन चौरस मीटरच्या सागवानी डेकचे वजन ३९ किलो होते आणि प्लास्टिकच्या डेकचे सुमारे १२३ किलो. फरक ८४ किलोंचा. म्हणजे एक धिप्पाड माणूस नाळेवर कायम उभा! लहान होडीचा गुरुत्वमध्य त्यामुळे वर सरकतो आणि ती अधिक डुलू लागते. आधार जवळजवळ घेतले तर पातळ फळी चालते, पण मग आधारांचे वजन व खर्च वाढतो. शिवाय दोन मीटरची अशी फळी ३० अंशांच्या तापमानवाढीने आठ-दहा मि. मी. लांबते. भोके ऐसपैस ठेवली नाहीत, तर ती वाकते.

*अॅल्युमिनियम.* हलके, आणि बुरशीला निरुपयोगी. मात्र खाऱ्या पाण्यात तांब्याशी त्याचा संपर्क आला, की विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजते. तांब्याचे खिळे असलेल्या होडीवर ते फार जपून वापरावे लागते.

पाण्याला वाट द्या

या सगळ्यातून आमच्या लक्षात आले, की 'कोणते द्रव्य?' हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे 'पाणी कुठून शिरते आणि कुठून निघते?'

पाणी सर्वांत जलद शिरते ते फळीच्या कापलेल्या टोकांतून. जिवंत झाडात पाणी ज्या नळ्यांतून वर चढायचे, त्यांची तोंडे तिथे उघडी असतात. म्हणून रंग देताना फळीच्या रुंद बाजूपेक्षा तिच्या टोकांना अधिक हात द्यावेत. दुसरी जागा स्क्रूच्या भोकाची. प्लायवूडचा डेक असेल, तर ६ मि. मी. स्क्रूसाठी आधी १२ मि. मी. भोक पाडावे, ते इपॉक्सीने पूर्ण भरावे आणि ती घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध स्क्रूचे भोक घ्यावे. मग स्क्रूलगत पाणी झिरपले, तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात. झाप पाऊस अडवतात आणि वारा जाऊ देतात. आम्ही मात्र सोयीचे म्हणून प्लास्टिकचे कापड घट्ट बांधले होते. पाऊस आत आला नाही. पण आतली वाफ रोज रात्री कापडाच्या खालच्या बाजूला गार होऊन डेकवर ठिबकत राहिली. पावसाचे चार महिने आम्ही डेकला दमट कपाटात कोंडून ठेवले होते.

शेवटी आम्ही जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया विकत घेऊन त्यांच्या २० मि. मी. जाडीच्या फळ्या काढून घेतल्या. जुना गाभा, पूर्ण मुरलेला, आणि नव्या सागापेक्षा स्वस्त. सुताराच्या पात्याला आत राहिलेल्या खिळ्यांचा त्रास झाला, तेवढाच. फळ्यांमध्ये ५ मि. मी. अंतर ठेवले. पाणी वर साचत नाही; ते खाली पडते आणि आम्ही ते उपसून टाकतो. खाडीतल्या कामाला हे चालते. खुल्या समुद्रात जाणाऱ्या होडीला लाटेचे पाणी आत घेऊन चालणार नाही. तिला बंद डेकच हवा आणि मग टोके व भोके बंद करण्याची वर सांगितलेली खटपट टळत नाही. आमच्या डेकला सहा पावसाळे झाले. दर नारळी पौर्णिमेपूर्वी आम्ही प्रत्येक फळीला टोचा मारतो आणि हातोडीने ठोकून ऐकतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला, तर ती फळी बदलायची.

वर्गात करून पाहण्यासाठी

फळांच्या खोक्याच्या आंब्याच्या फळीतून ५ × २ × १ सें. मी. आकाराचे वीस तुकडे कापा. सुताराकडून सागाच्या गाभ्याचे व सागाच्याच पांढऱ्या भागाचे प्रत्येकी पाच तुकडे तशाच मापाचे मिळवा. सर्व तुकडे कडक उन्हात चांगले वाळवून त्यांची वजने करा व त्यांवर क्रमांक घाला. आंब्याचे पाच तुकडे फळीवर कोरडे ठेवा, पाच कुंडीतल्या ओल्या मातीत अर्धे पुरा, पाच काठोकाठ पाणी भरलेल्या बाटलीत दगड बांधून बुडवा आणि झाकण लावा. उरलेले पाच वेगळ्या कुंडीत पुरून त्यांना लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी घाला. सागाचे दोन्ही गट साध्या पाण्याच्या कुंड्यांत पुरा. जूनमध्ये सुरू करून दिवाळीच्या सुट्टीनंतर तुकडे काढा, धुवा, पुन्हा तसेच वाळवा आणि वजनातील घट टक्क्यांत मांडा. कुजके तुकडे हाताळताना नाकाला रुमाल बांधावा. शेवटी प्रत्येक तुकडा हाताने मोडून पाहायला सांगा आणि विचारा : वजन किती घटले आणि ताकद किती? कोणत्या गटात बुरशीची कोणती गरज आपण काढून घेतली होती?

मुलांना किनारा दूर असला, तरी हरकत नाही. शाळेच्या खिडकीची खालची चौकट, न्हाणीघराचे दार, गोठ्याचा खांब यांवरही टोचा मारून पाहता येईल. लाकूड कुठे मऊ लागते ते पाहावे आणि तिथे पाणी कुठून येते, ते शोधावे.